त्याच्या नावावरचं माझं रक्त

कंपनीच्या मेडिकल तपासणीत मी एकदा मित्राच्या नावावर रक्त दिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं माझं रडगाणं ऐकताना मी साळसूद आहे असा कुणाचा समज व्हायला नको. मी साळसूद नाही. पण माझ्यासोबत जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

मी मूळचा बीडकडचा, राहायला काळेवाडीत, कामाला चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला. अडतिसाव्या वर्षी माझं वजन एकशे चोवीस किलो होतं. साखर नऊ वर्षांची जुनी, बीपीच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, आणि शेवटी शेवटी इन्सुलिन. कंपनीच्या बसमध्ये मी दीड सीट व्यापून बसायचो. आकुर्डीला माझा मित्र चढायचा आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर, एक पाय मधल्या वाटेत टाकून, चाकणपर्यंत यायचा. मागं रिकाम्या सीटा असायच्या. लोक हसायचे, तरी त्यानं जागा बदलली नाही. सात वर्षं आम्ही असे गेलो.

तो आमच्या शेडमधल्या मोठ्या क्रेनचा ऑपरेटर. चाकणजवळच्याच गावचा. मुलांच्या शाळेसाठी आकुर्डीत येऊन राहिला होता, पण जीव गावातच. आमची शेड जिथं उभी आहे तिथं पूर्वी त्याच्या चुलत्याची बाजरी असायची. क्रेनच्या केबिनमध्ये चढला की तो वेगळाच माणूस व्हायचा. खाली साहेब असो की कामगार, त्याची घंटा वाजली की बाजूला व्हायचा. गावातही त्याची ओळख तीच होती, क्रेनवाला.

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आमच्या घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. धडधाकट माणसाचं पोट कापतात का, असं सासूबाई विचारत होत्या. बायको रडत होती. हा मित्र मात्र चार दिवस रजा टाकून दवाखान्यात राहिला. ऑपरेशननंतर औषधाच्या इवल्याशा कपातून पाणी प्यायचं असतं, घोटघोट, घड्याळ लावून. तो कप तो भरायचा. मी जास्त मागितलं की दटावायचा. सख्खा भाऊ गावाकडून फोनवर चौकशी करत होता आणि हा माझा टॉवेल पिळत होता.

घरी सोडायच्या आधीच माझं इन्सुलिन बंद झालं. वजन अजून जिथल्या तिथं होतं, पण साखर खाली आली होती. पुढच्या काही महिन्यांत बीपीची एक गोळी गेली, मग दुसरी गेली. घोरणं थांबलं. वर्षभरात मी अठ्ठ्याहत्तर किलोवर आलो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "साखर गेली असं समजू नका. ती दबली आहे. तुमची जुनी साखर आहे, परत येऊ शकते. दर वर्षी मला दाखवायचं, आणि कोलेस्टेरॉलची गोळी मी सांगेपर्यंत थांबवायची नाही." मी मान डोलावली. दोन वर्षं गेलोही. मग जायचा कंटाळा केला. कंपनीच्या तपासणीत रक्त चांगलं येतंय तर उगाच कशाला, असा विचार. कोलेस्टेरॉलची गोळी मी स्वतःच्या अकलेनं बंद केली. अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाला कसलं आलंय कोलेस्टेरॉल.

बारीक झाल्यावर मला जो मान मिळाला तो मला जन्मात मिळाला नव्हता. शेडमधली माणसं मला बघायला यायची. मित्र तर पोळ्याला बैल मिरवावा तसा मला मिरवायचा. "बघा, शुगर हुती याला. आता नावाला न्हाई," असं कुणालाही थांबवून सांगायचा. मला ते आवडायचं. चहात पुन्हा साखर घालायला लागलो होतो ती त्याच दिवसांत.

आणि मग त्यालाच साखर निघाली.

आकुर्डीतल्या एका खासगी डॉक्टरकडं त्यानं गुपचूप तपासलं, गुपचूप गोळ्या सुरू केल्या. कंपनीत सांगायची सोय नव्हती. क्रेनवाल्यांचं रक्त दर वर्षी तपासतात. साखर निघाली की आधी खाली उतरवतात आणि ती आटोक्यात आल्याशिवाय वर चढू देत नाहीत. आम्हा स्टोअरवाल्यांचं रक्त एक वर्षाआड. त्या वर्षी माझी पाळी नव्हती.

बसमध्ये त्यानं विषय काढला. आता आम्ही दोघं दोन सीटांवर ऐसपैस बसायचो.

"राव, यंदा माझ्या नावावर तू रक्त देशील का?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी. कार्ड माझं, हात तुझा. लॅबवाले भायेरचे असत्यात. तोंडाकडं कोन बघतंय?"

हे आमच्याकडं नवीन नव्हतं. लघवीच्या बाटल्या तर सर्रास बदलल्या जायच्या. तपासणीच्या आठवड्यात कुणाचं पोट रिकामं आणि कुणाचं रक्त साफ, याची चर्चा कॅन्टीनमध्ये उघडपणे चालायची. पण मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. एकशे चोवीस किलोचा माणूस कुणाच्याही नावावर खपला नसता, आणि माझं रक्त कुणाला हवंही नव्हतं. आता कुणीतरी माझं रक्त मागत होतं. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. त्या क्षणी त्याच्या साखरेचं काय, तो डोक्यावरून टनांचा माल नेतो त्याचं काय, असा एकही प्रश्न मनात आला नाही.

तपासणीच्या दिवशी मी टोपी खाली ओढून त्याच्या रांगेत उभा राहिलो. लॅबच्या मुलीनं कार्ड घेतलं, नाव विचारलं, मी त्याचं नाव सांगितलं. त्याची जन्मतारीख पाठ केली होती, ती सांगितली. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, दोन नळ्या भरल्या आणि त्यांवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. वहीत मी त्याच्यासारखी सही केली. वजन, बीपी, कार्डिओग्राम हे त्यानं दुपारी स्वतःचं स्वतः करून घेतलं. रक्त दिल्याबद्दल मिळालेलं केळं आम्ही अर्धं अर्धं खाल्लं.

तीनेक आठवड्यांनी मी विचारलं, "काय झालं रिपोर्टचं?"

"ओके हाय."

"साखर?"

"येकदम ओके. तुझं रक्त लाखात येक हाय, राव." असं म्हणून त्यानं पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. फिटनेसचं सर्टिफिकेट मिळालं म्हणून खास माझ्यासाठी आणले होते. दोन पेढे त्यानं स्वतः माझ्या हातावर ठेवले. मी एक खाल्ला, तो म्हणाला दुसरा पण खा. मी खाल्ला.

त्यानंतरच्या वर्षात माझ्या शरीरानं मला बरंच काही सांगून पाहिलं. तहान लागायची, मी म्हणायचो शेडमधला उकाडा. लघवीला सारखं जावं लागायचं, मी म्हणायचो पाणी जास्त होतंय. वजन अठ्ठ्याऐंशीवर गेलं. पोट लहान असल्यामुळं एका वेळी जास्त खाता यायचं नाही, पण दिवसभर फरसाण, बिस्किटं, चहा असं चरत राहायला कुणाची ना नव्हती. बायको म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवून या. मी तिला म्हणालो, रक्त एकदम ओके आहे, आत्ताच तपासलंय. कुठं तपासलं हे तिला सांगितलं नाही. जिने चढताना छातीत जळजळ व्हायला लागली, ढेकर यायचे, तेव्हाही मी ते पोटावर ढकललं. कापलेल्या पोटाला हे चालायचंच. हृदयाचा विचार मी का करावा? माझं रक्त लाखात एक होतं.

एका सकाळी स्टोअरमध्ये क्रेट लावताना मला दरदरून घाम फुटला. जबडा दुखायला लागला आणि डावा हात जड झाला. मी खाली बसलो. कुणीतरी आरडाओरडा केला. मित्रानं वरून बघितलं, क्रेन थांबवली आणि शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला. कंपनीच्या ॲम्ब्युलन्समध्ये तोच माझ्याजवळ बसला, माझा हात हातात धरून. बरोबरच्या नर्सनं विचारलं, "शुगर आहे का?"

"होती," मी म्हणालो. "ऑपरेशननंतर गेली."

तिनं तसं लिहून घेतलं. मित्र खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा मला वाटलं, बिचारा घाबरलाय.

दवाखान्यात पोचल्यावर तपासलं तर साखर तीनशेच्या वर. त्याच दिवशी एक स्टेंट टाकला. दोन दिवसांनी हृदयाचे डॉक्टर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट घेऊन आले आणि म्हणाले, "ही आठवड्यात वाढलेली नाही. बरेच महिने वाढलेली असणार. गेल्या वर्षभरातला एखादा रिपोर्ट आहे का?"

मी त्यांच्याशी भांडलो. चक्क भांडलो. ऑपरेशन करून साखर घालवली होती, वर्षापूर्वीचं रक्त उत्तम होतं, तुमची मशीन चुकली असेल, असं म्हणालो. "मग तो उत्तम रिपोर्ट दाखवा," ते शांतपणे म्हणाले. तो माझ्याकडं नव्हता. तो असणार होता मित्राच्या फाइलमध्ये.

ते दिवस फार वाईट गेले. आपल्याच पोटाचा तुकडा कापून दिला, महिना महिना पातळ वरणावर काढला, लग्नकार्यात ताट समोर असून उपाशी उठलो, आणि एवढं करून साखर परत आली होती. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना मी मनात शिव्या दिल्या. त्यांना जाऊन भेटलो तर त्यांनी आवाज न चढवता फाइल उघडली. ऑपरेशननं त्याचं काम केलं, ती सगळी वर्षं तुम्हाला बिनइन्सुलिनची मिळाली, म्हणाले. परत येऊ शकते हे सांगितलं होतं, वजन वाढलं की जास्तच. गोळी कुणी बंद केली? ती मीच केली होती. मला कुणीतरी दगा दिलाय असं वाटत होतं आणि तो देणारा मीच निघत होतो. निदान तोपर्यंत तरी.

मग एका रविवारी मित्राची बायको मला घरी भेटायला आली. तो पार्किंगमध्ये गाडी लावत होता, वहिनी पुढं आल्या. पिशवीतून सफरचंदं काढता काढता म्हणाल्या, "भाऊजी, मागल्या साली तुमच्या रक्तात एवढी साखर निघाली व्हती, तवाच दवा सुरू केली असती तं ही येळ आली नसती."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. "कुणाच्या रक्तात?"

"तुमच्या. ह्यांच्या नावावर दिलं व्हतं ते. हे लई वैतागले व्हते त्या दिवशी. म्हनले, त्याचंबी बिघडलेलं निघालं. मग धाकल्या दीरांचं रक्त देऊन पुन्ना टेस केली." एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सफरचंद हातात तसंच राहिलं. "तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय?"

माझ्या बायकोला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघून आत गेली. मित्र दारात आला आणि आमच्या तोंडांकडं बघून त्याला लगेच कळलं.

मी त्याला गच्चीवर घेऊन गेलो. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती, तरी चढलो. मी विचारलं, "माहीत होतं तुला?"

"व्हय."

"मग मला ओके आहे म्हणून का सांगितलंस?"

"सांगनार व्हतो. दिवाळी झाली की सांगनार व्हतो. मग राहून गेलं." जरा थांबून म्हणाला, "तू डॉक्टरकडं पळाला असतास. कुठं तपासलं, कवा तपासलं, समदं निघालं असतं. माझी केबिन गेली असती. अन् तू चांगला धडधाकट दिसत व्हतास, राव. मला वाटलं एवढ्यानं काय हुतंय."

"आणि पेढे?"

या एका प्रश्नाला त्यानं आजतागायत उत्तर दिलेलं नाही. माझं रक्त बिघडलंय हे ठाऊक असलेला जगात एकच माणूस होता, आणि त्यानं स्वतःच्या हातानं मला पेढे भरवले. हा राग माझ्या मनातून जात नाही. ॲम्ब्युलन्समध्ये मी "गेली" म्हणालो तेव्हाही त्याला तोंड उघडता आलं असतं.

मी त्याला सांगितलं, तो रिपोर्ट मला पाहिजे. माझ्या डॉक्टरांना दाखवायचाय. दुसऱ्या दिवशी त्यानं चौघडी केलेला कागद आणून दिला. साखर वाढलेली, कोलेस्टेरॉल वाढलेलं. खाली कंपनीच्या डॉक्टरबाईंनी पेनानं लिहिलं होतं, 'तातडीने औषध सुरू करावे. हृदयाची तपासणी करावी. कामगारास मराठीत समजावून सांगितले.' त्याखाली त्याची सही होती. माझ्या हृदयाबद्दलचा सल्ला समोर बसवून त्याला समजावून सांगितला होता, आणि त्यानं समजला म्हणून सही केली होती.

आठ दिवस तो कागद माझ्या उशीखाली होता. डॉक्टरांना दाखवायचा तर त्यावर नाव दुसऱ्याचं. बायको म्हणाली, "जे केलंय ते जाऊन सांगा. आणि तो माणूस गोळ्या खाऊन त्या क्रेनवर बसतो, खाली तुमच्यासारखीच पोराबाळांची माणसं असतात." तिचं बरोबर होतं. गोळी घेऊन जेवण चुकलं की साखर एकदम उतरते आणि चक्कर येते, हे मला माझ्या जुन्या दिवसांवरून चांगलं माहीत होतं. पण मी काही त्या खालच्या माणसांसाठी गेलो, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मी रागानं गेलो. तो रिपोर्ट माझ्या नावावर करून घ्यायला गेलो.

कामावर रुजू व्हायच्या दिवशी डॉक्टरबाईंच्या टेबलावर मी कागद ठेवला आणि म्हणालो, "हे रक्त माझं आहे." मग सगळं सांगितलं. त्यांनी कागदावरचं स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "हा रिपोर्ट तुमचा आहे हे मला त्या दिवशी कळलं असतं, तर मी तुम्हाला दारातून परत जाऊ दिलं नसतं."

आम्हा दोघांनाही वॉर्निंग लेटर मिळालं. त्याचं रक्त त्याच्याच दंडातून घेतलं, साखर भरपूर निघाली आणि त्याला क्रेनवरून उतरवून डिस्पॅचला टाकलं. केबिनमध्ये आता दुसरा बसतो. गावात हे दोन दिवसांत पसरलं. वहिनींनी माझ्या बायकोचा फोन उचलणं बंद केलं. मित्र बसनं येईनासा झाला, स्वतःच्या गाडीवर येतो.

आता दर तीन महिन्यांनी आम्हा दोघांनाही कंपनीच्या दवाखान्यात रक्त द्यायला बोलावतात. परवा बाकावर आम्ही शेजारी शेजारी आलो. दुसरी जागा नव्हती. कितीतरी दिवसांनी तो इतक्या जवळ होता. मी ठरवून ठेवलेलं सगळं बोलणार होतो. पेढ्यांचं, ॲम्ब्युलन्सचं, सहीचं. तेवढ्यात समोरच्या भिंतीकडं बघत तोच बोलला.

"तुझं रक्त वरीसभर माझ्यापाशी व्हतं. म्या कुनाला सांगितलं न्हाई. तू माझं आठ दिवसांत सांगितलंस."

तो मला टोचून बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की आमच्या दोघांत मैत्री त्यानं पाळली, आणि दगा मी दिला.